पक्के दात की काढती कवळी? एका प्रश्नाचा इतिहास

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण अहमदपूरसारख्या ज्वारीच्या मुलखात शब्दशः खरी ठरते. दात गेले की भाकरी दुधात कुस्करायची आणि हुरड्याच्या आगटीजवळ नुसतं बसून राहायचं. कवळी हा त्यावरचा जुना उपाय. वरची कवळी टाळूला धरून राहते; खालची मात्र जिभेबरोबर हलते, कारण दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं.

यातून वाट निघाली ती स्वीडनमध्ये. १९५२ च्या सुमारास ब्रॉनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे त्यांना तेव्हा दिसलं. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे पेच म्हणजे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते टिकले. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर गेली. त्याच साली लातूर जिल्हा झाला, बरं का!

पण यश मोजायचे डॉक्टरच: पेच टिकला का, हाड किती झिजलं? १९९० च्या दशकात रुग्णाला विचारणं वाढलं: चावता येतं का? चारचौघांत बोलताना संकोच वाटतो का? मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी तर त्याच माणसांना दोन्ही प्रकार आळीपाळीने वापरायला दिले. एक, पेचांवर कायमचे बसवलेले दात. दुसरा, पेचांवर अडकणारी पण काढता येणारी कवळी. शेवटी साधारण निम्म्यांनी पक्के दात निवडले, चावायला भक्कम म्हणून. उरलेल्यांनी काढती कवळी ठेवली, कारण ती धुवायला सोपी. २००२ मध्ये मॉन्ट्रियललाच जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की खालच्या जबड्यात एकही दात नसेल, तर दोन पेचांवरची काढती कवळी हा पहिला पर्याय असावा.

म्हणजे पक्के तेच उत्तम आणि काढतं ते गरिबाचं, हा आपला समज या इतिहासात टिकत नाही. घरातल्या आजोबांसाठी ठरवताना खर्च तर बघूच. पण हेही विचारू, की त्यांचे थरथरते हात पक्क्या दातांखाली ब्रश फिरवू शकतील का? कवळी काढता-घालता येईल का? नाहीतर रोज ती धुऊन कोण देणार? आणि सगळ्यात आधी हे आजोबांनाच विचारू.