लवचिक कार्यालयीन वेळ : लेटमार्क, लोकल आणि कामाचा उरक

दिवसाचे ठरलेले तास पूर्ण करावयाचे. मात्र येण्या-जाण्याची वेळ ठरावीक मर्यादेत कर्मचाऱ्याने स्वतः निवडावयाची, या पद्धतीस लवचिक कार्यालयीन वेळ अर्थात ‘फ्लेक्सी टाइम’ म्हणतात. सर्वांची उपस्थिती आवश्यक असणारे मधले काही तास मात्र सक्तीचे असतात.

उगम

या पद्धतीचा सुप्रसिद्ध आरंभ १९६७ मध्ये पश्चिम जर्मनीतील म्युनिकनजीकच्या, पुढे मेसरश्मिट-बोल्को-ब्लोम या नावाने ओळखल्या गेलेल्या विमाननिर्मिती कंपनीत झाला. हजारो कर्मचारी एकाच वेळी येत असल्याने कंपनीकडे जाणारे रस्ते तुंबत. त्यावर रस्ता रुंद न करता वेळ रुंद करण्याचा उपाय शोधण्यात आला.

मुंबईतील प्रश्न

मुंबईच्या उपनगरांत हीच कोंडी रुळांवर होते. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर. पूर्वी मुलुंड, बोरिवलीचा चाकरमानी सकाळी प्रामुख्याने दक्षिणेकडे जाई. १९७३ मध्ये स्थापन झालेले सीप्झ आणि लगतची एमआयडीसी यांमुळे अंधेरी हेही कार्यालयांचे केंद्र बनले. जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने पश्चिम व मध्य रेल्वेचे प्रवासी जोडले. कार्यालये विखुरली, पण वेळा साडेनऊ-दहाच्या आसपासच राहिल्या.

झालेले प्रयत्न

राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला. कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. करोनाकाळात १ फेब्रुवारी २०२१ रोजी लोकल सर्वांसाठी खुली झाली, तीही सकाळी सातपूर्वी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतरच. नोव्हेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा ठरविल्या व इतर आस्थापनांनाही तसे आवाहन केले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचा मृत्यू झाल्यानंतर हा विषय पुन्हा ऐरणीवर आला.

उत्पादकता वाढते का?

अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार लवचिक वेळेमुळे उत्पादकता व समाधान वाढते. सर्वाधिक परिणाम गैरहजेरी घटण्यावर होतो. मात्र काळानुसार हा लाभ ओसरतो, आणि वेळेची मुभा फार सैल केल्यास तो कमी होतो. घरून काम करणे हा निराळा विषय आहे. चेन्नईतील डेटा एंट्री कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता कार्यालयापेक्षा १८ टक्के कमी आढळली. तेव्हा वेळेची मुभा आणि जागेची मुभा यांची गल्लत करू नये.

मर्यादा

बँकेची खिडकी, स्वागतकक्ष, कॉल सेंटर येथे ही मुभा अवघड ठरते. शिवाय वेळ कोण ठरवितो, हा कळीचा मुद्दा आहे. उशिरा येण्याच्या सवलतीपोटी रात्री उशिरापर्यंत थांबण्याची सक्ती होत असेल, तर ती लवचिकता नव्हे, कामाचे तास वाढविणे होय. तसेच एखाद्याच कार्यालयाने वेळ बदलली तर त्याच्या कर्मचाऱ्यांची सोय होते, लोकलची गर्दी हटत नाही. त्यासाठी एका परिसरातील शासकीय व खासगी आस्थापनांनी मिळून वेळा विभागणे आवश्यक आहे. अन्यथा मस्टरवरील लेटमार्क वाचविण्यासाठी दारात लटकण्याचा धोका कर्मचारी पत्करीतच राहील.