अभिरूप : सूत्रधाराच्या तोंडचा शब्द

बडनेरा मतदारसंघातल्या एका शाळेत पहाटे साडेपाचला मी उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. केंद्राध्यक्ष म्हणाले, "चला, अभिरूप मतदान उरकून घेऊ." आम्ही पाळीपाळीनं बटणं दाबली, किमान ५० मतं पडावी लागतात. व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसायची आणि टपकन खाली पडायची. यंत्रातला आकडा आणि चिठ्ठ्या जुळल्या, आमचं समाधान झालं, मगच यंत्र कोरं केलं. माझ्या डोक्यात मात्र तो शब्द अडकला. 'अभिरूप' मला ठाऊक होता तो कालिदासामुळे, आणि तिथं त्याचा अर्थ लुटुपुटूचा नव्हे, तर जाणता!

'शाकुंतला'च्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीला सांगतो की आजची सभा बहुतेक अभिरूपांची आहे, आणि जाणत्यांचं समाधान होईस्तोवर मी माझ्या कसबावर विसंबणार नाही. 'मृच्छकटिका'च्या प्रस्तावनेतही हा शब्द भेटतो. तिथली नटी 'अभिरूपपती' नावाचा उपवास धरते, पुढच्या जन्मी मनाजोगता नवरा मिळावा म्हणून. सूत्रधार अर्थातच चिडतो. नाटकं दोन, दोन्हीकडे सूत्रधार आणि नटी, अर्थ मात्र वेगळे.

मग आजचा अर्थ आला कुठून? सोपं उत्तर असं की संस्कृत कोशांत 'सदृश, जुळता' हाही अर्थ आहे, भाषांतरकारांनी तोच उचलला. मला ते पटत नाही. नुसती नक्कल सांगायची तर 'प्रतिरूप' हाताशी होता. नाटकाला संस्कृतात रूपक म्हणतात, आणि 'अभि' अभिनयात आहेच. 'अभिरूप न्यायालय' घडवणाऱ्याच्या कानात हे दोन्ही घुमत असणार. शिवाय अशा खेळाला समोर जाणता लागतोच. विधी महाविद्यालयातल्या अभिरूप न्यायालयात कायदा कोळून प्यालेला परीक्षक बसतो. बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात सहा मिनिटांचा पाठ, वर्गमित्रच विद्यार्थी झालेले, आणि मागच्या बाकावर निरीक्षक. युवा संसदेचंही तेच. तिची शिफारस १९६२ च्या मुंबईतल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेत झाली आणि १९६६-६७ मध्ये दिल्लीच्या शाळांत ती सुरू झाली.

बाहेरची वंशावळ थोडक्यात : एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्याचा क्रीगस्पील हा युद्धाचा खेळ, तिथं जाणता म्हणजे पंच. १९६० च्या दशकात अमेरिकेत विल्यम गॅमसन यांचा सिमसॉक : साधनं मुद्दाम विषम वाटलेली, समाज टिकवायचा की मोडू द्यायचा हे खेळणाऱ्यांच्या हाती. तो शिकवायलाही वापरला आणि समाज अभ्यासायलाही. आपल्या भाषेत त्याला 'अभिरूप समाज' म्हणायला माझी हरकत नाही.

त्या पहाटे यंत्रातली मतं पुसली, पण चिठ्ठ्या फेकल्या नाहीत. प्रत्येकीच्या पाठीवर शिक्का मारला, जाड काळ्या पाकिटात घालून ते बंद केलं आणि त्यावर आम्हा प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. सात वाजले होते. रांगेतल्या पहिल्या आजी आत येऊन बोट पुढं करून उभ्या होत्या.