घणाखाली जुळलेले लोखंड

दिल्लीत मेहरौलीचा लोहस्तंभ पाहणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात येते की तो ओतीव नाही. सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड असा हा गुप्तकालीन खांब लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठोकून जुळवलेला आहे. त्या काळच्या आपल्या भट्ट्यांत लोखंड वितळत नसे. हाती येई तो सच्छिद्र गोळा.

नवख्या लोहाराची खरी परीक्षा या सांध्यातच. लोखंड पिवळट पांढरे होईपर्यंत, साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे. रंग नीट दिसावा म्हणून भट्टीजवळ अंधार बरा. ऑक्साइडचा पापुद्रा मध्ये राहिला तर सांधा धरत नाही. म्हणून वाळू किंवा टाकणखार टाकतात. पापुद्रा त्यात विरघळून पातळ होतो आणि घावासरशी बाहेर उडतो. ऐरणीवरचे पहिले घाव हलके, पण झटपट हवेत. उशीर झाला की ताव गेला. फार तापवले तर ठिणग्या उडून लोखंडच जळते.

सतराव्या शतकात तंजावरच्या नायकांच्या कारागिरांनी याच रीतीने पट्ट्या आणि कडी जुळवून सुमारे २२ टनांची तोफ घडवली. विजापूरची मलिक-ए-मैदान मात्र ओतीव, कांस्याची. १५४९ साली अहमदनगरला तयार झालेली.

महाराष्ट्रात बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव गावचा लोहार अशीच जोडत असे. विजेचे वेल्डिंग आणि रबरी टायर आले, तसे हे काम त्याच्या हातून गेले.