सुदृश्य सुरक्षा वस्त्रे

सुदृश्य सुरक्षा वस्त्रे : रस्ता, लोहमार्ग, विमानतळ इ. ठिकाणी काम करणारी व्यक्ती वाहनचालकास दुरूनच दिसावी म्हणून वापरावयाची भडक रंगाची व परावर्तक पट्ट्या लावलेली वस्त्रे. ताशी १०८ किमी. वेगाने जाणारे वाहन सेकंदास ३० मी. अंतर तोडते. धोका ओळखून ब्रेक दाबण्यास चालकाला २·५ सेकंद लागले, तर तेवढ्यात ७५ मी. अंतर संपलेले असते. रंग व पट्टी यांचे कार्य एकच, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः एकाचे काम दुसऱ्यास करता येत नाही.

रॉबर्ट व जोसेफ स्विट्झर या अमेरिकन बंधूंनी १९३०–४० या दशकात अनुस्फुरक रंग विकसित केले. हे रंग दिवसाच्या प्रकाशातील जंबुपार किरण शोषून ती ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. म्हणून ढगाळ हवेतही ते उठून दिसतात. दुसऱ्या महायुद्धात विमानांना खुणा करण्यासाठी अशा रंगाचे कापड वापरण्यात आले. १९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वेने ग्लासगो येथील पॉलकशील्ड्स ते एग्लिंटन स्ट्रीट या विद्युतीकृत मार्गावरील कामगारांना नारिंगी जाकिटे दिली. त्यांना ‘काजवे’ असे नाव पडले. नाव काहीसे फसवेच म्हणावे लागेल, कारण अंधारात अनुस्फुरक रंग निष्प्रभ होतो.

रात्रीचे काम पट्टीवरील सूक्ष्म काचमण्यांचे. मण्यात शिरलेला प्रकाश मागील पृष्ठावरून परावर्तित होऊन आल्या दिशेनेच परत जातो. त्यामुळे दिवा लावून येणाऱ्या चालकाला पट्टी झळाळताना दिसते, तर बाजूस उभ्या असलेल्यास ती करड्या फितीसारखी भासते.

दोन्ही गुण मोजून बांधून देणारे ईएन ४७१ हे यूरोपीय मानक १९९४ मध्ये आले. २०१३ मध्ये त्याची जागा आयएसओ २०४७१ ने घेतली. अमेरिकेचे स्वतंत्र मानक १९९९ मधील आहे. आयएसओच्या तीन वर्गांपैकी सर्वोच्च वर्गास किमान ०·८० चौ. मी. अनुस्फुरक कापड व ०·२० चौ. मी. परावर्तक पट्टी लागते. सर्वांत खालच्या वर्गास अनुक्रमे ०·१४ व ०·१० चौ. मी. पुरते. सर्वोच्च वर्गात धडाबरोबरच बाह्या किंवा पायघोळ विजारही पट्ट्यांसह आवश्यक असते. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखविले की, सांध्यांवरील थोडेसे प्रकाशबिंदू हलताना पाहूनही मनुष्याकृती तत्काळ ओळखता येते. केवळ बंडी घातलेला स्तब्ध कामगार मात्र रात्री रस्त्यावरील खांबासारखा वाटू शकतो.

वापराची सक्ती मानकाने नव्हे, तर कायद्याने होते. फ्रान्सने २००८ मध्ये प्रत्येक मोटारीत असे जाकीट ठेवणे बंधनकारक केले. घरोघरी पोहोचलेले हेच पिवळे जाकीट २०१८ च्या जनआंदोलनाचे चिन्ह बनले. भारतात आयएस १५८०९ हे मानक आहे.

मानकानुसार कापडाचा रंग तीव्र प्रकाशात ठेवून, तर पट्टी घासून, दुमडून व धुऊन तपासतात. तरीही ही वस्त्रे टिकाऊ समजू नयेत. उन्हाने रंग विटतो, धुण्याने काचमणी झडतात आणि मळलेले वस्त्र रात्री साध्या कापडाहून फारसे वेगळे राहत नाही. दिवसा पिवळीधमक दिसणारी बंडी रात्रीही उपयोगी आहे की नाही, हे अंधारात तिच्यावर समोरून दिवा टाकूनच कळते.