बाभळीवरचे निळे पाहुणे

विदर्भातल्या फुलपाखरांच्या लिखित इतिहासातला मोठा टप्पा म्हणजे एक यादी. नागपूर संग्रहालयाच्या ई. ए. डी'अब्र्यू यांनी १९३१ साली मध्य प्रांतातील फुलपाखरांची यादी छापली. पण यादी ‘काय सापडले’ एवढेच सांगते. किती, कधी, कोणत्या झाडावर, हे कळायला त्याच वाटेवर वर्षानुवर्षे कोणाला तरी फिरावे लागते. ते पगारी संशोधकाला क्वचितच जमते. गावातल्या हौशी माणसाला जमते. हौशी माणूस चुकतो, हा आक्षेप खराच. रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल डॅनेड एगफ्लायची मादी करते. तिथे भलेभले फसतात. मात्र आता छायाचित्र मागे उरते आणि चूक दुरुस्त करता येते. महाराष्ट्राने २०१५ साली ब्ल्यू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केले; पण विदर्भातल्या बाभुळगावात अशी मोजणी करायची तर पहिला मान बबूल ब्ल्यूचा. त्याच्या अळ्या बाभळीवर वाढतात.