चांदीचे जुने अस्त्र

१/ प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर आज चांदीच्या नॅनोकणांचा उतारा शोधला जात आहे. ही विद्या एकविसाव्या शतकाची वाटते. तिची मुळे मात्र एकोणिसाव्या शतकात आहेत.

२/ १८८० मध्ये लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत २ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्यास प्रारंभ केला. जन्मताना मातेकडून होणाऱ्या गोनोरियाच्या संसर्गाने अनेक बालके अंध होत. त्यांच्या प्रसूतिगृहात सुमारे १० टक्के बालकांना जडणारा हा नेत्रदाह १ टक्क्याच्याही खाली आला.

३/ १८८९ मध्ये अमेरिकन रसायनज्ञ मॅथ्यू केरी ली यांनी चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवण्याची कृती प्रसिद्ध केली. हे कण अवघ्या काही नॅनोमीटरचे होते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. 'नॅनो' हा शब्द विज्ञानात रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

४/ क्रेडे यांचे पुत्र, शल्यचिकित्सक बेन्नो क्रेडे यांनी अशीच चांदी जखमांच्या उपचारात आणली. 'कोलार्गोल' या नावाने ती औषधालयांत विकली जाऊ लागली.

५/ १९४० च्या दशकात पेनिसिलिन मुबलक झाले आणि चांदी मागे पडली. तथापि, अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच दिला होता.

६/ पुढे आणखी एक अडचण उमगली. मूत्रनलिका वा कृत्रिम सांध्यांवर जिवाणू चिकट थर रचून वस्ती करतात. हाच बायोफिल्म. त्याच्या आत प्रतिजैविकांचा प्रभाव फारच क्षीण होतो.

७/ म्हणून चांदी परतली. नॅनोकणांतून हळूहळू सुटणारे आयन जिवाणूंचे आवरण आणि गंधकयुक्त प्रथिने यांवर एकाच वेळी आघात करतात. अनेक मर्मांवर पडणारा घाव चुकवणे जिवाणूंना कठीण जाते.

८/ कठीण, परंतु अशक्य नव्हे. १९७५ मध्येच बोस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात चांदीला दाद न देणारा साल्मोनेला आढळल्याची नोंद झाली. १९९९ मध्ये त्या प्रतिकाराची जनुकेही ओळखली गेली. ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या प्लाझ्मिडवर होती.

९/ आज मोज्यांपासून धुलाई यंत्रांपर्यंत चांदीचा वापर होतो. फ्लेमिंग यांचा इशारा पेनिसिलिनपुरता नव्हता, हे ध्यानात न घेतल्यास भाजलेल्या रुग्णासाठी राखलेले हे अस्त्रही कपाटातच बोथट होईल.