ब्रिटिश बनावटीच्या बसगाड्यांची एंजिने व गिअर : महाड–पोलादपूरच्या घाटांच्या संदर्भात

दुसऱ्या महायुद्धानंतर महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ज्या बसगाड्या आल्या, त्यांचा इतिहास बहुधा दोन प्रकारांनी सांगितला जातो. एक प्रकार संस्थेच्या इतिहासाचा. त्यात कायदे, मंडळे, आगारे व प्रवाशांची संख्या यांचा हिशेब असतो. दुसरा प्रकार यंत्रांच्या नामावळीचा. त्यात कोणत्या कारखान्याने कोणता नमुना किती काळ काढला याची नोंद असते. हे दोन्ही प्रकार उपयुक्त असले तरी त्यांतून एक प्रश्न निसटतो. यंत्र ज्या भूमीवर चालले त्या भूमीने त्याच्याकडून काय मागितले, आणि ती मागणी पुरी करण्यास कोणते ज्ञान लागले, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार महाड व पोलादपूर या दोन गावांच्या आधारे केला आहे.

महाड हे सावित्रीकाठचे जुने बंदर. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर गलबते येथवर येत असत. म्हणजे गाव जवळजवळ समुद्रसपाटीवरच वसलेले आहे. या परिसरातून तीन घाट निघतात. महाडहून पूर्वेस वरंध घाटाने भोरकडे जाता येते. पोलादपूरहून दक्षिणेस कशेडी घाटाने खेडकडे, आणि पूर्वेस आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे. यांपैकी आंबेनळीचा चढ सर्वांत मोठा. सुमारे ४० किलोमीटरांच्या अंतरात रस्ता जवळजवळ १,३०० मीटर चढतो. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर सेमूर फिट्झगेराल्ड यांचे नाव सरकारने या घाटास दिले होते. लोकांच्या तोंडी मात्र आंबेनळी हेच नाव राहिले. हा मार्ग मोटारीच्या आधीच्या काळातला आहे. त्याची वळणे बैलगाडीच्या व टांग्याच्या वेगास साजेशी होती. पुढे मोटारगाड्यांनी त्याच वळणांशी जुळवून घेतले.

महायुद्धापूर्वी या भागातील सर्व्हिस मोटारींच्या काळात अमेरिकन बनावटीच्या गाड्यांचे प्राबल्य होते. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८ साली जुळणीचा कारखाना काढला होता, आणि फोर्ड व शेव्हरोले ही नावे खेडोपाडी परिचित झाली होती. युद्धकाळात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा अनेक गाड्यांना कोळशाच्या वायूवर चालणारी संयंत्रे बसविण्यात आली. युद्ध संपल्यावर ब्रिटिश चासींची आवक वाढली, तिचे कारण केवळ यंत्राच्या गुणांत शोधणे चुकीचे ठरेल. डॉलरची टंचाई होती, हिंदुस्थानच्या नावे ब्रिटनमध्ये पौंडांच्या शिलका साचल्या होत्या, आणि निर्यात वाढविणे ही ब्रिटिश उद्योगाची निकड होती. कोणते यंत्र कोणत्या घाटात चढेल हे काही अंशी हुंडणावळीच्या बाजारातच ठरले.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. ती बेडफर्ड बनावटीची होती. आरंभीच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलंड, कॉमर व फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. त्यांपैकी बेडफर्ड व कॉमर ही नावे ल्यूटनची, सेडन ओल्डहॅमचे, मॉरिस कमर्शियल बर्मिंगहॅमचे, आल्बियन ग्लासगोचे, आणि लेलंड हे त्याच नावाच्या लँकेशायरमधील गावचे. कोकण व सातारा या भागांत राज्य परिवहनाचा विस्तार होत गेला, तसे सह्याद्रीचे घाट ओलांडणे या ताफ्यास भाग पडले. पुणे–महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ व ‘गिर्यारोहिणी’ या नावांच्या आरामगाड्या मॉरिस कमर्शियल चासीवर बांधल्या गेल्या. त्या ज्या डोंगरावर पूर्वेकडून चढत, त्याच डोंगरावर पोलादपूरचा रस्ता पश्चिमेकडून, आणि कितीतरी अधिक खालून, चढतो.

येथे ‘ब्रिटिश बनावट’ या शब्दप्रयोगाचा नेमका अर्थ ठरविणे अवश्य आहे. परदेशातून येई ती चासी, म्हणजे सांगाडा, एंजिन, गिअरबॉक्स, आस व चाके. वरचा डोलारा येथे होई. प्रारंभीच्या गाड्यांचे सांगाडे लाकडी होते व बैठकांत काथ्या भरलेला असे. म्हणजे गाडीचा जो भाग खऱ्या अर्थाने ब्रिटिश, तो तिचे एंजिन व गिअर हाच होय. त्यातही बेडफर्डचे ब्रिटिशपण निर्भेळ नव्हते. बेडफर्ड ज्या व्हॉक्सहॉल कंपनीचे, ती १९२५ पासून जनरल मोटर्सच्या मालकीची होती, आणि १९३१ साली निघालेल्या बेडफर्ड मालमोटारी शेव्हरोलेच्या वंशातल्या होत्या.

युद्धोत्तर काळात निर्यात होणाऱ्या बेडफर्ड बस-चासींपैकी ‘ओबी’ हा नमुना प्रमुख होता. त्याचे एंजिन सहा सिलिंडरांचे, पेट्रोलवर चालणारे, ३,५१९ घनसेंटिमीटरांचे व सुमारे ७२ अश्वशक्तीचे. सपाट रस्त्यावर हे सामर्थ्य पुरेसे होते. परंतु पेट्रोल एंजिनाची शक्ती उंचीबरोबर घटते. हवा विरळ होते तशी दर ३०० मीटरांस सुमारे तीन टक्के घट होते. महाबळेश्वराच्या उंचीवर ७२ अश्वशक्तीपैकी ६२ च्या आसपास उरे. अर्थात चढाच्या शेवटच्या टप्प्यात, एंजिन आधीच तापलेले असताना, त्याचे बळही कमी झालेले असे. रेडिएटरमध्ये पाणी घालण्यासाठी घाटात थांबावे लागे ते यामुळेच.

तथापि चढ हा घाटाचा अर्धाच भाग होय. शक्ती कमी पडली तर गाडी मंदावते, फार तर थांबते. उताराचे तसे नाही. सहा टनांची भरलेली गाडी १,३०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कोठे तरी जिरवावी लागते, ती अडीचशे लिटरांहून अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेल. एवढी उष्णता एकट्या ब्रेकांनी सोसावयाची म्हटली, तर त्यांची पकड ढिली पडणार हे उघड आहे. म्हणून उताराचा भार एंजिनावर टाकावा लागतो. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की चाके एंजिनाला फिरवितात, आणि एंजिनाचा विरोध गाडीला आवरून धरतो. ज्या गिअरने चढ चढावा त्याच गिअरने तो उतरावा, हा घाटातील चालकांचा नियम याच तत्त्वावर उभा आहे.

या ठिकाणी गिअरबॉक्सच्या बनावटीचा प्रश्न निर्णायक ठरतो. ‘ओबी’चा गिअरबॉक्स चार गतींचा व सरकत्या दात्यांचा होता. त्यात एक चक्र दांड्यावर सरकून दुसऱ्या चक्राच्या दात्यांत शिरे, आणि दोहोंचा वेग जुळलेला नसेल तर दाते एकमेकांवर आदळून कर्कश आवाज होई. दोन चक्रांचा वेग आपोआप जुळवून घेणारी सिंक्रोमेशची योजना व्हॉक्सहॉलने आपल्या मोटारकारमध्ये १९३१ च्या सुमारास आणली होती. तिच्याच बस-चासीला मात्र ती लाभली नव्हती. ब्रिटनमधील शहरी बसगाड्यांत तर डेमलरसारख्या कंपन्यांनी गिअर आधी निवडून ठेवता येईल असे विल्सन पद्धतीचे गिअरबॉक्स १९३० नंतर रूढ केले होते. घाटात जिची सर्वाधिक गरज होती ती सोय लंडनच्या सपाट रस्त्यांवरील चालकांस मिळाली, हा तत्कालीन यंत्रव्यवहारातील एक विरोधाभास म्हणावा लागेल.

सरकत्या दात्यांच्या गिअरबॉक्समध्ये वरून खालचा गिअर घ्यावयाचा तर क्लच दोनदा दाबावा लागे. प्रथम क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणावयाची. मग क्लच सोडून एंजिनाचा वेग अंदाजाने वाढवावयाचा. पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकावयाचा. चालकांच्या बोलीत यास ‘डबल क्लच’ म्हणतात. चढावर ही क्रिया चुकली तर गाडी थांबते. उतारावर तीच चुकली तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते, तिचा वेग क्षणोक्षणी वाढतो, आणि वेग जितका वाढेल तितका खालचा गिअर मिळणे अवघड होते. म्हणून उताराचा गिअर उतार लागण्यापूर्वीच, माथ्यावर, ठरवावा लागे. महाबळेश्वराहून पोलादपूरकडे निघालेल्या चालकाचा निर्णय पहिल्या वळणाआधी झालेला असे. मागाहून तो बदलण्याची मुभा यंत्र देत नव्हते.

याच्या उलट मोह होता तो इंधन वाचविण्याचा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर पेट्रोलचा खर्च वाचे, आणि एंजिन बंद केले तर अधिकच वाचे. परंतु ‘ओबी’च्या द्रवचलित ब्रेकांना मिळणारी मदत एंजिनातील निर्वातावर अवलंबून होती. एंजिन बंद होताच ती मदत थोड्याच वेळात संपे, आणि ब्रेक केवळ पायाच्या जोरावर लावावे लागत. इंधनाची बचत आणि जिवाची सुरक्षितता यांचा असा थेट झगडा त्या यंत्राच्या घडणीतच होता.

डिझेल एंजिनांच्या आगमनाने या परिस्थितीत पालट झाला. मात्र तो सर्वस्वी लाभाचा नव्हता. सेडनच्या बसगाड्यांत पीटरबरोच्या पर्किन्स कारखान्याचे ‘पी-६’ हे सहा सिलिंडरांचे डिझेल एंजिन असे. पुढे तेच मद्रासच्या सिम्पसन कंपनीत तयार होऊ लागले. लेलंडची कॉमेट चासी मद्रासजवळील एन्नोर येथे अशोक मोटर्सने १९५१ पासून जुळविण्यास आरंभ केला, आणि १९५५ मध्ये त्या कंपनीचे नाव अशोक लेलंड झाले. ‘कॉमेट ३५०’ या नावातील आकडा एंजिनाच्या घनइंचांचा होय. म्हणजे ते सुमारे ५.७ लिटरांचे, बेडफर्डच्या दीडपटीहून मोठे होते. कमी वेगातही ओढ टिकविणे आणि इंधन कमी खाणे हे डिझेलचे दोन गुण सर्वश्रुत आहेत. कोकणात त्यांत तिसऱ्याची भर पडते. महाडला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो, आणि ओलाव्याने ठिणगीची यंत्रणा निकामी होऊन पेट्रोलची गाडी वाटेत बंद पडे. डिझेल एंजिनास ठिणगी लागतच नाही. परंतु पेट्रोल एंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेचा मार्ग आवळला जातो आणि त्यामुळे गाडीला जो आवर बसतो, तो डिझेलमध्ये त्या रूपात मिळत नाही. तेथे योग्य गिअर निवडण्याचे महत्त्व तसूभरही कमी झाले नाही. एंजिन बदलले तरी माथ्यावरचा निर्णय कायम राहिला.

या ज्ञानाचा पुरावा कोठे शोधावा? कारखान्याच्या पुस्तिकांत एंजिनाची मापे मिळतात. घाट मिळत नाही. पुरावा आहे तो बोलीत. मराठीने यंत्रांची नावे जशीच्या तशी उचलली, परंतु क्रियापदे आपली वापरली. चासीवर बॉडी ‘बांधतात’, जसे घर बांधतात. हँडल ‘मारतात’. उतारावर गाडी न्यूट्रलवर ‘सोडतात’, जसे जनावर मोकळे सोडतात. चढाला गाडी ‘दम टाकते’. एस.टी. हा शब्द दोन इंग्रजी अक्षरांचा. पण गाडीच्या अनुषंगाने तो मराठीत स्त्रीलिंगी झाला. या सर्वांत लक्षणीय जोडी गिअरसंबंधीची आहे. चालक गिअर ‘टाकतो’, आणि गिअर ‘पडतो’ किंवा ‘पडत नाही’. पहिल्या क्रियापदात माणसाची कृती आहे, दुसऱ्यात यंत्राची संमती. टाकलेला गिअर पडेलच असे नाही, हा भेद सरकत्या दात्यांच्या गिअरबॉक्सचे मर्म अचूक सांगतो. हा प्रयोग केवळ त्याच यंत्रामुळे जन्मला असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण टाकणे–पडणे ही जोडी मराठीत अन्यत्रही आहे, आणि सिंक्रोमेशच्या गाड्यांतही हेच शब्द चालतात. परंतु ज्या चालकांनी तो भेद हातात व कानात अनुभवला, त्यांच्या तोंडी त्या शब्दांना अधिक नेमका अर्थ होता, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

वरील विवेचनावरून असे दिसते की, महाड–पोलादपूरच्या घाटांत ब्रिटिश बनावटीच्या गाडीची कसोटी तिच्या शक्तीपेक्षा तिला आवरण्याच्या कलेत लागली, आणि ही कला चासीबरोबर आयात झालेली नव्हती. ल्यूटनच्या कारखान्याने गिअर दिला. तो कोठे टाकावा हे आंबेनळीच्या माथ्यावर उभ्या असलेल्या चालकाने ठरविले. त्या बनावटीच्या गाड्या रस्त्यावरून केव्हाच गेल्या. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, आणि कशेडीच्या डोंगरातून आता बोगदा गेला आहे. आंबेनळीचा घाट मात्र तसाच अवघड आहे. २८ जुलै २०१८ रोजी तेथे झालेल्या बस अपघाताने आणि जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत झालेल्या पडझडीने त्याची जाणीव पुन्हा करून दिली.

जुन्या चासींचे अवशेष क्वचित कोठे संग्रहालयात टिकतील. त्या गाड्या हाकणाऱ्यांची, दुरुस्त करणाऱ्यांची बोली मात्र कोणत्याही संग्रहालयात ठेवलेली नाही, आणि ती पिढी जवळजवळ संपली आहे. महाड, पोलादपूर, खेड व भोर या चार गावांतील निवृत्त चालक व मेकॅनिक यांच्या शब्दांचा, प्रत्येक शब्दामागील यंत्रक्रियेसह, कोश तयार करणे हे अद्याप शक्य असलेले काम आहे. यंत्राचा इतिहास आणि भाषेचा इतिहास यांची त्यात भेट होईल. काम लांबणीवर पडले तर दोन्ही इतिहासांचा एक साक्षीदार कायमचा गमावला जाईल.